बावन्नाव्या वर्षी तमाशाला

जत्रेतला तमाशा मी चाळीस वर्षं ऐकला. आधी माहेरी, मग सासरी. ऐकला म्हणतेय, बघितला नाही. आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं. चैत्रात जत्रा भरली की रात्रभर ढोलकी ओट्यापर्यंत ऐकू यायची. घरातले पुरुष तमाशाला आणि आम्ही बाया ओट्यावर. सकाळी हजेरी सुरू झाली की लांबून काय दिसेल तेवढं दिसायचं. यंदा मंडळातल्या सहाजणींना बरोबर घेतलं आणि सरळ पुढे जाऊन बसले. आसपासची दहा-वीस माणसं उठून लांब सरकली. बरंच झालं, नीट दिसायला लागलं.

फड जुना, नावाजलेला. स्टेजवर ढोलकीच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. रंगबाजीत ऑक्टोपॅडचा ठोका पडला की छातीत धडधडायचं. खरं सांगते, मला आवडलं. परतताना गावातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "या इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी तमाशा बाटवला." तमाशा कुठल्या वस्त्यांमधून आला हे ठाऊक असताना 'बाटवला' हा शब्द त्यांच्या तोंडी यावा, याचं मला नवल वाटलं. ते असो.

त्या रात्री वगात एक बाई उभी राहिली. साठीच्या आसपासची असावी. मागून शिट्ट्या आल्या, कुणीतरी ओरडलं, "नवी पोरगी पाठवा!" तिनं हातानंच कीबोर्डवाल्याला थांबवलं. ओरडा थांबेपर्यंत नुसती उभी राहिली आणि मग एकट्या ढोलकीवर गायली. आवाज थोडा चिरकलेला होता, पण माइकमुळे शेवटच्या माणसापर्यंत पोचला. माइक नव्हते तेव्हा हजारोंच्या गर्दीवर आवाज फेकावा लागायचा. अशानं गळा किती वर्षं टिकणार? गळा गेला की बाईचं काम गेलं. विजेच्या पेटाऱ्यांनी काही बिघडवलं असेल, पण या बाईची स्टेजवरची वर्षं वाढवली, हे गुरुजींच्या हिशेबात येत नाही.

आणि तमाशात वय झालेली बाई म्हणजे कोण? गौळणीतली मावशी. तीही पुरुषानं केलेली, हसण्यासाठी. म्हणून मला कांताबाई सातारकरांचं मोल वाटतं. त्या आपल्या संगमनेरच्याच, मे २०२१ मध्ये वारल्या. तुकाराम खेडकर १९६४ साली गेल्यावर पदरात लहान मुलं असताना त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि स्वतःचा फड चालवला. वगात बाईनं शिवाजी महाराजांची भूमिका करायची आणि गर्दीनं ती मानायची, हे त्यांनी करून दाखवलं. सरकारनं विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा तो पहिल्यांदा कांताबाईंना मिळाला. विठाबाई तर चालू खेळात आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत स्टेजवर आल्या. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. तिला बाळंतपणाची रजा का नव्हती, हे विचारत नाही.

आपल्या शिबिरांमधूनही तमाशाचा विषय निघाला की आपण 'बाईचं प्रदर्शन' म्हणून मोकळ्या होतो. मीही म्हटलंय. पण खेळ संपल्यावर मी स्टेजमागे गेले. कपडे बदलायला ट्रकच्या आडोशाला बांधलेली एक ताडपत्री. संडास नाही. त्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, अंधार पडायची वाट बघतो. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत हेच." कीबोर्डसाठी मात्र पाऊस-धुळीपासून जपणारी चांगली लाकडी पेटी होती.

जत्रेच्या वर्गणीत आमच्याही घरचे पैसे असतात. म्हणून ग्रामसभेत आम्ही दोन गोष्टी मागितल्या. कलावंत बायांसाठी दार लागणारी खोली आणि संडास, आणि समोर बायांना बसायला जागा. सरपंचबाई म्हणाल्या, "कमिटीला विचारते." कमिटीत एकही बाई नाही. तिची पुढची बैठक दिवाळीनंतर देवळात आहे. आम्ही सातजणी जाणार आहोत.