तुटलेला दात दुरुस्त करणं हा शृंगार नव्हे



चाळिशी उलटलेल्या बाईचा पुढचा दात तुटला की घरात हमखास ऐकू येतं, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" मग कुणीतरी त्यात धर्म आणतं. देह नश्वर, त्याचे लाड कशाला? मला हे पटत नाही.

मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन आहे. दात घासणंही त्यांनी सोडलेलं असतं. पण ते मुनींचं व्रत. आपण संसारातल्या श्राविका. दात तुटलेली बाई तोंडाशी पदर धरून बोलते, पूजा म्हणताना आवाज खाली आणते, स्वाध्यायात वाचायला पुढे येत नाही. देहाचा मोह सुटणं राहिलं बाजूला, दिवसभर तिचं लक्ष त्या दातावरच असतं.

हो, दुरुस्तीलाही परिमाण हवं. जेवढं तुटलं तेवढंच भरावं. कोपरा उडाला असेल तर दाताच्या रंगाचं काँपोझिट बहुतेक वेळा एकाच बैठकीत लावता येतं. कॅपसाठी मात्र चांगला दातही चारी बाजूंनी घासावा लागतो, आणि घासलेला दात परत येत नाही. म्हणून "कॅपशिवाय भागेल का?" हे आधी विचारा. तुटलेला तुकडा सापडला तर दुधात किंवा पाण्यात ठेवून घेऊन जा, कधी कधी तोच चिकटवता येतो. मार लागलेला दात काळा पडत असेल तर आधी एक्स-रे काढून आतली नस तपासायला हवी.

दात नैसर्गिक दिसावा असं वाटत असेल तर पांढराशुभ्र रंग मागू नका. शेजारच्या दातांशी जुळणारा हवा. रंग दिवसाच्या उजेडात, काम सुरू होण्यापूर्वी ठरवून घ्या, कारण तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो जास्त पांढरा दिसतो. काँपोझिटवर चहा-हळदीचे डाग पडतात आणि काही वर्षांनी ते पुन्हा करावं लागतं, हेही धरून चाला.

आपल्यासाठी आणखी दोन गोष्टी. काँपोझिट म्हणजे रेझिन आणि काचेची बारीक पूड. पण दात काढून इम्प्लांट करायची वेळ आली तर हाडाची भर अनेकदा गायीच्या हाडापासून केलेली असते आणि रक्त थांबवणारा स्पंज डुकराच्या जिलेटिनचा असू शकतो. कृत्रिम पर्याय मिळतात, पण ते आपणच आधी मागायला हवेत. दुसरं म्हणजे, रात्रिभोजन त्याग असेल तर सकाळची वेळ घ्या. भूल दिली तर ओठ काही तास बधिर राहतो. तोवर जेवलं तर ओठ चावला जातो, आणि थांबावं तर सूर्यास्त होतो.

तुमच्या महिला मंडळात कुणी हसताना तोंड झाकत असेल, तर तिला वैराग्य शिकवू नका. सोबत चला, डॉक्टरकडे घेऊन जा.