डोळे झाकून घे म्हणणाऱ्यांनो, जरा डोळे उघडा

"सेकंड हँड सिंथ मॉड्यूल घ्यायचंय, कुठलं घेऊ?" हा प्रश्न पुण्यातल्या चार हौशी संगीतवाल्यांना विचारून बघा. तिघं पाच सेकंदांच्या आत सांगतील, "जेव्ही-१०८०. डोळे झाकून घे." चौथा म्हणेल, "कशाला खोकी जमवतोस? लॅपटॉपवर सगळं होतं." घेणारा कुठे राहतो, काय वाजवतो, त्याच्या घरातल्या प्लगमध्ये संध्याकाळी सात वाजता किती व्होल्ट येतात, हे चौघांपैकी एकही विचारणार नाही. माझं भांडण याच गोष्टीशी आहे.

निमित्त माझ्या मामेभावाचं. तो पालीला राहतो. रायगडातली अष्टविनायकाची पाली नव्हे मंडळी, बीडजवळची, बिंदुसरा प्रकल्पाशेजारची. शेती सांभाळून भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि सीझनमध्ये लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. कीबोर्ड जुना, आवाज म्हणजे डबड्यात खडे. पण मागे पाच पिनांचं मिडी आउट आहे आणि पट्ट्या शाबूत आहेत. सोयाबीनचे पैसे आल्यावर त्यातले पंचवीस हजार त्याने बाजूला काढले. मग मला फोन. "दादा, एक रोलँडचं मशीन भेटतंय, घेऊन टाकू का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॅक मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला सिंथेसायझर. लोखंडी खोकं, आत आवाज साठवलेल्या चिप्स. तुमच्या कीबोर्डने मिडी केबलमधून "हा स्वर, इतक्या जोरात" एवढंच सांगायचं, आवाज खोकं काढतं. (नव्या स्वस्त कीबोर्डांना बऱ्याचदा फक्त यूएसबी असतं. ते जुन्या मॉड्यूलला थेट जोडता येत नाहीत, मध्ये एक यूएसबी होस्ट डबी लागते. हेही आपले सल्लागार सांगत नाहीत.)

आता जेव्ही-१०८०. १९९४ सालचं रोलँडचं यंत्र, ६४ आवाज, १६ पार्ट, आवाजाचे जादा बोर्ड घालायला चार खाचा. यंत्र उत्तमच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ते ६४ आवाज म्हणजे ६४ स्वर नव्हेत. ज्या जाड, भरगच्च पॅचवर लोक भाळतात त्यात एकेका स्वराला चार-चार टोन लागतात. म्हणजे उरले १६ स्वर. सस्टेन दाबून डाव्या हाताने स्ट्रिंग्ज धरा, उजव्याने वाजवा, आणि बघा आधीचे स्वर कसे गुपचूप गळतात ते.

बरं, ते चालवून घेऊ. खरी गंमत मागच्या बाजूला असते. यातली बरीच यंत्रं जपानातून वापरून आलेली असतात आणि तिथली वीज १०० व्होल्ट. आपली २३०. थेट लावलं तर व्होल्टेज २.३ पट, आणि शक्ती वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पाचपटीहून जास्त. फ्यूज तुमच्या नशिबावर. विकणारा म्हणतो, "स्टेप डाउन लावा ना साहेब." बाजारात सहज मिळतो तो ११० चा स्टेप डाउन. म्हणजे आधीच दहा टक्के जास्त. त्यात रात्री लोड कमी होऊन घरातलं व्होल्टेज अडीचशेला गेलं की इकडे १२० येतात. तीस वर्षांच्या कपॅसिटरांवर! पुण्यात बिघडलं तर कुणीतरी दुरुस्त करणारा सापडतो. पालीहून ते खोकं मांडीवर घेऊन एसटीने कुठे कुठे फिरायचं?

व्हिंटेजवाल्यांना हे सांगितलं की ते चरणजित सिंगांचं नाव काढतात. मुंबईचे हे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ वर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगाने तोंडात बोट घातलं. "बघ, हार्डवेअरची जादू!" अहो, पण तेव्हा ती यंत्रं नवी होती. त्या माणसाने पवित्र वस्तू म्हणून ती देव्हाऱ्यात ठेवली नव्हती. ३०३ चा स्लाइड मींडेसारखा वापरता येतो हे त्यांच्या कानाने हेरलं. जादू असेल तर ती त्या कानाची. तुम्ही त्यातून फक्त मॉडेल नंबर पाठ केलेत.

आणि कानाचाच विषय निघाला आहे तर मुख्य मुद्द्याकडे येतो, ज्यावर यूट्यूबच्या डेमोत कुणी अक्षर काढत नाही. सूर. भजनी मंडळातली पेटी काही ४४० ला बांधून ठेवलेली नसते. समजा ती ४४५ ला आहे, तर मॉड्यूल जवळजवळ वीस सेंट उतरलेलं वाजणार आणि पखवाजवाला आधी मामेभावाकडे बघणार. म्हणून मास्टर ट्यून सहज हाती लागलं पाहिजे, सात मेन्यूंच्या पोटात नको. त्यापुढची गोष्ट गंधाराची. पियानोच्या समान अंतराच्या पट्टीत शुद्ध ग षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येतो तो साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. याच कारणांपैकी एकासाठी पेटीला १९४० ते १९७१ आकाशवाणीवर बंदी होती, आणि डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी बनवली तीही याचसाठी. मग विजेच्या पेटीला हा प्रश्न का विचारायचा नाही?

विचारला तर उत्तर गमतीदार येतं. रोलँडच्या जीएस पद्धतीत प्रत्येक पार्टचे बाराही स्वर वेगवेगळे ६४ सेंटपर्यंत वर-खाली करायची सोय आहे. ती असलेलं यंत्र म्हणजे साउंड कॅनव्हास एससी-५५, १९९१ सालचं. अर्ध्या रॅकचं, २४ आवाजांचं, ज्याला पुण्यातली मंडळी "गेमचा आवाज" म्हणून हसतात. हसू देत. (१९९३ चा डूम खेळताना हीच मंडळी या आवाजावर खूश होती.) ग ला १४ सेंट उतरवा, ध ला १६, नी ला १२. गाणारा काळी एकमध्ये असेल तर सगळे आकडे एक घर सरकवायचे. हे बटणावर होत नाही, मिडीतून एक संदेश पाठवावा लागतो. मोजला, बरोबर २२ बाइट्सचा. श्रुतीही २२, हा निव्वळ योगायोग, पण मला फार आवडला. मोबाइलला मिडी केबल लावून तो संदेश मंडळ बसायच्या आधी पाठवायचा, बस्स.

शिवाय हे खोकं बाहेरच्या ९ व्होल्टच्या ॲडाप्टरवर चालतं. १००-२३० ची भानगडच नाही. पिनेची ध्रुवता तेवढी तपासायची, कारण इथे मधला भाग ऋण असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच ॲडाप्टरांचा धन. लाइट गेली तर बारा व्होल्टची बॅटरी आणि एक रेग्युलेटर. हे काम बीडमधला कुठलाही रेडिओ दुरुस्तीवाला करून देईल.

राहिले लॅपटॉपवाले. घरी बसून गाणी रचायची असतील तर त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, मी स्वतः तेच करतो. उशिराने आवाज येण्याचा बागुलबुवाही खोटा आहे. २५६ सँपलच्या बफरला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत, उलट मिडीच्या तारेतून दहा स्वर एकदम पाठवले तर तिकडेच नऊ-दहा मिलिसेकंद जातात. पण देवळात, धुळीत, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर माइक आणि लाइटची माळ असताना? आणि अभंग रंगात आलेला असताना त्या लॅपटॉपला अपडेट आठवलं तर? आणखी एक. रोलँडने २०१५ मध्ये साउंड कॅनव्हास सॉफ्टवेअर म्हणूनही आणलं होतं. २०२४ मध्ये ते विक्रीतून बंद झालं. १९९१ चं खोकं मात्र अजून वाजतंय. क्रॅक सॉफ्टवेअरचा सल्ला देणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. स्वतःच्या कोडचा पगार घेऊन दुसऱ्याचा कोड फुकट उचलायचा, वर गावाकडच्या पोरालाही तेच शिकवायचं!

आवाज? हो, एससी-५५ चे व्हायोलिन्स जेव्हीसमोर पातळ आहेत. पण मांडवात तो फरक ऐकणारा एकही माणूस बसलेला नसतो, आणि उतरलेला गंधार मात्र पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बुवांना लगेच कळतो.

मामेभावाला मी सांगितलंय की विकणाऱ्याकडून मागच्या व्होल्टेजच्या पट्टीचा फोटो मागव. तीन दिवस झाले, समोरून फक्त "चालू कंडिशन आहे" एवढंच येतंय. तो अजून जेव्हीच्या मोठ्या डिस्प्लेवरून नजर हटवायला तयार नाही. "दादा, दिसायला लई भारी आहे राव." साउंड कॅनव्हास घेतलं तर पंचवीस हजारांतले बरेचसे उरतील, त्यात मंडळाला एक धड स्पीकर येईल. सध्याच्या भोंग्यातून ज्युपिटर-८ वाजवला तरी डबड्यात खडेच ऐकू येणार आहेत.