सिंगापूर बघून आलात, बरं झालं. पण रेणापूरकरांना शिव्या कशाला?

मंडळी, जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा.

आपल्या भागातला माणूस परदेश बघून आला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं. "तिथं काय शिस्त हाय राव! आपल्या लोकांना सोन्याचं गाव दिलं तरी हे उकिरडाच करतील." मागच्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी माझ्याच मित्राच्या तोंडून टपरीवर दहादा तरी ऐकलं. मित्र सोयाबीनचा अडत्या, मनानं चांगला. सहा दिवस मी त्याच्यासोबतच होतो. हैदराबादहून सिंगापूर आणि तिथून बसनं क्वालालंपूर. त्यानं जे बघितलं तेच मी बघितलं. म्हणून ठामपणे सांगतो, हे वाक्य खोटं आहे. आणि ते सगळ्यात जास्त सोयीचं आहे आपल्या पुढाऱ्यांना.

आधी शिस्तीचं बघू. सिंगापूरनं 1992 साली च्युइंगमवर बंदी घातली, आजही ते दुकानात विकत मिळत नाही. आपल्या महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. आता रेणापूरच्या कुठल्याही चौकात जाऊन मागून बघा. आमच्या दोस्तानं हैदराबादच्या विमानतळावर खिशातल्या पुड्या डब्यात टाकल्या आणि सहा दिवस कुठंच थुंकला नाही. परत उतरल्यावर पार्किंगमध्ये पहिलं काम काय केलं ते सांगायची गरज नाही. माणूस तोच, तोंड तेच. मग सहा दिवस बदललं काय? तिथं नियम मोडला की दंड होतो आणि मोठ्या माणसाचा फोन आला तरी तो माफ होत नाही, एवढंच. (तिथं सगळं गोड आहे असंही नाही. 1959 पासून एकाच पक्षाची सत्ता आहे. लिटल इंडियात आपलेच तमिळ मजूर टेम्पोच्या हौद्यात बसून कामावर जाताना दिसतात, तो फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही.)

पण मला खरं बोलायचंय ते पाण्यावर.

सिंगापूरहून मलेशियाच्या जोहोर बारूला जाताना समुद्रावर किलोमीटरभराचा रस्ता लागतो. त्याच्या कडेनं जाडजूड पाइप जातात. मित्र सेल्फी काढत होता. मनला, "पाइप काय बघूलालास, समुद्र बघ की." मी पाइपच बघत होतो. सिंगापूर आजही दुसऱ्या देशाकडून पाणी घेतं. 1962 चा करार आहे, तो 2061 ला संपतो, आणि त्यानुसार रोज 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलता येतं. म्हणजे आपण ज्याला स्वर्ग म्हणतो तो देशही दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलाय. 1963 च्या दुष्काळात तिथंही पाणी मोजून दिलं जायचं.

आता कुणीतरी कमेंट करणार की तिथं पाऊस लई पडतो. पडतो, आपल्या तिप्पट. पण साठवायला जागा कुठाय? अख्खा देश सातशे-साडेसातशे चौरस किलोमीटरचा, आपला एकटा लातूर जिल्हा सात हजारांवर. आणि नुसत्या पावसानं भागत असतं तर क्वालालंपूरला कधी टंचाई आलीच नसती. तिथंही धो-धो पाऊस पडतो, तरी 2014 ला त्या भागात पाणीकपात करावी लागली.

सिंगापूरनं काय केलं, तर दुष्काळ विसरला नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरायचे कारखाने 2003 पासून सुरू केले. आता त्यांची चाळीस टक्क्यांपर्यंतची गरज त्यातून भागू शकते. समुद्राचं पाणी गोडं केलं. घरोघर मीटर बसवले आणि 2017 ला पाणीपट्टी तीस टक्के वाढवायची घोषणा केली. लोक कुरकुरले. पण वाढ झाली.

आणि आपण? 12 एप्रिल 2016. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी झाली, पंचवीस लाख लिटर. सगळ्या देशाचे कॅमेरे स्टेशनवर. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ 144 कलम लावलं होतं. त्या उन्हाळ्यात आपल्याच माणसांनी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घागरी रांगेत लावल्या, चार-चार घागरीवर दिवस काढले. ती शिस्त नव्हती का? आणखी कसली शिस्त पाहिजे तुम्हाला?

मग पावसाळ्यात मांजरा धरण भरलं, आणि विषय संपला! तेव्हापासून नऊ-दहा पावसाळे गेले. ऊस पुन्हा तसाच उभा राहिला. उसाला नावं ठेवायला मी पुण्यात बसलेलो नाही, आमच्या भावकीतबी ऊस आहे. पण धरणातलं पाणी पिण्याला किती आणि उसाला किती, हा हिशोब पाऊस चांगला असलेल्या वर्षी मांडायचा असतो. धरणाचा तळ दिसल्यावर बैठका घेऊन काय उपयोग? दर निवडणुकीला "उजनीचं पाणी लातूरला आणू" हे भाषण ठरलेलं. उजनीवर सोलापूरकरांचाही डोळा आहे, ते काय हार घालून पाणी देणार आहेत का? आणि आलेलं पाणी एकदा वापरल्यावर पुन्हा कसं वापरायचं, हा विषय कुठल्या सभेत निघाल्याचं तुम्हाला आठवतंय? मला तर आठवत नाही.

'आपले लोकच तसले' असं एकदा म्हटलं की कुणाला काही विचारायचं कामच उरत नाही. म्हणून पुढारीबी विमानातून उतरले की तेच बोलतात.

माझ्या मित्राला मी हे टपरीवर सांगितलं. तो मनला, "मग मी काय करू?" त्याला म्हणलं, तुझ्या दुकानात सगळ्या पक्षांचे लोक चहाला येतात. त्यांना एवढंच विचार, भंडारवाडीच्या रेणा प्रकल्पात आज पाणी किती आहे, त्यातलं पिण्यासाठी किती राखून ठेवलंय आणि ते किती दिवस पुरेल. कुणी आकडा सांगितला तर खाली कमेंटमध्ये लिहा, नावानिशी. मी ही पोस्ट वरच पिन करून ठेवतोय.