ॲपमधल्या सूर्यावर विसंबून समुद्रात उतरू नका

हवाईत राहायला आल्यापासून मला वर्षातून दोनदा एकाच प्रकारचे मेसेज येतात. नोव्हेंबर लागला की बे एरिया आणि सिएटलच्या मित्रमंडळींचे : 'ख्रिसमसच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन येतोय, हवा कशी असेल रे?' आणि मे-जूनमध्ये, भारतातून पालक आले की पुन्हा तेच. सोबत फोनवरच्या ॲपचा स्क्रीनशॉट असतो. कमाल २७, किमान २१ आणि शेजारी एक पिवळाधमक सूर्य. 'मस्तच आहे की!' असा शेराही असतो.

मला यावर स्पष्टच सांगायचं आहे. तो सूर्य इथे जवळजवळ रोज असतो आणि समुद्राबद्दल तो काहीही सांगत नाही. आई-बाबांना घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने हॉटेल आणि व्हेज रेस्टॉरंट शोधायला जितका वेळ घालवतो, त्यातली पाच मिनिटं तरी लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज वाचायला द्यायला हवीत. हवाईत पर्यटकांच्या अपघाती मृत्यूंमध्ये समुद्रात बुडून होणाऱ्या मृत्यूंचा क्रमांक पहिला लागतो. त्यामुळे ही पाच मिनिटं चैनीची नाहीत.

आपल्या मनातलं गणित असं असतं : आभाळ स्वच्छ, वारा शांत, म्हणजे समुद्रही शांत. पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र बघून वाढलेल्या माणसाला ते पटतंही. पण इथल्या मोठ्या लाटा इथल्या वाऱ्याने तयार होत नाहीत. हिवाळ्यात तीन-चार हजार किलोमीटरवर, अल्यूशियन बेटांच्या बाजूला वादळं घोंघावतात. त्यांनी उठवलेल्या लाटा दोन-तीन दिवसांनी हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन आदळतात. उन्हाळ्यात उलटं. तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि न्यूझीलंडच्या बाजूच्या वादळांच्या लाटा साधारण आठवडाभर प्रवास करून दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे वायकिकीच्या बाजूला पोहोचतात. इथे मात्र निळं आभाळ आणि ताडामाडांची सळसळ! म्हणजे बघा, आपले लोक नेमके ख्रिसमसला येतात, जेव्हा उत्तर किनारा सर्वांत जोरात असतो.

आणखी एक फसवी गोष्ट. या लाटा गटागटाने येतात. दोन गटांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं समुद्र तळ्यासारखा दिसू शकतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, 'आई, त्या खडकावर उभी राहा, फोटो काढतो.' खडकावरून ओढली गेलेली माणसं अनेकदा पोहायला आलेलीच नसतात. 'आम्ही पाण्यात जाणारच नाही, नुसते पाय भिजवू' हेसुद्धा पुरेसं नाही. ओआहूवरच्या सँडी बीचसारख्या ठिकाणी लाट थेट वाळूवर फुटते आणि मानेला, मणक्याला दुखापती होतात. लाइफगार्ड उत्तम आहेत, पण प्रत्येक किनाऱ्यावर आणि प्रत्येक खडकावर नाहीत.

मी स्वतः सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे ॲपला नावं ठेवायला मला आवडत नाही. पण तो आकडा येतो कुठून हे समजून घ्या. अमेरिकेच्या जागतिक हवामान मॉडेलमधला एक चौकोन साधारण १३ किलोमीटरचा असतो. ओआहूवरची कोओलाऊ डोंगररांग त्याहून अरुंद आहे. त्या चौकोनात डोंगर, किनारा आणि शहर सगळं एकत्र मिसळतं. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगराला अडतात, त्या बाजूला पाऊस पाडतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. आपल्याला हे नवीन नाही. महाबळेश्वरला धो धो आणि वाईच्या पुढे कोरडं, तोच प्रकार. आपल्याकडच्या अंदाजात जसं 'कोकण, घाटमाथा' असं वेगळं सांगतात, तसं इथल्या अंदाजात 'विंडवर्ड' आणि 'माऊका' हे शब्द येतात. माऊका म्हणजे डोंगराकडची बाजू, माकाई म्हणजे समुद्राकडची. हे दोन हवाईयन शब्द कळले तरी निम्मा अंदाज कळतो.

हा अंदाज होनोलुलूतलं राष्ट्रीय हवामान सेवेचं कार्यालय रोज देतं, फुकट, आणि तो ड्युटीवरची माणसं शब्दांत लिहितात. त्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, किनारा कुठला : उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चारही वेगळे दिलेले असतात. दुसरी, लाटेची उंची. उत्तर किनाऱ्यावर १५ फुटांना 'हाय सर्फ ॲडव्हायझरी' आणि २५ फुटांना 'वॉर्निंग' लागते. दक्षिणेला हेच आकडे १० आणि १५ आहेत. तिसरी, दोन लाटांमधले सेकंद. ८ सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याची असते, १६ सेकंदांची लांबून आलेली. उंची तीच असली तरी लांबून आलेली लाट जास्त ताकद घेऊन येते आणि किनाऱ्याजवळ जास्त उसळते. आणि हो, सर्फबोर्ड भाड्याने देणारा पोरगा 'सहा फूट' म्हणाला तर जरा थांबा. इथले जुने सर्फर लाट मागून मोजतात. त्यांचे सहा म्हणजे समोरून जवळपास बारा!

कुणी म्हणेल, सुट्टीला जायचं की परीक्षेला बसायचं? माझं उत्तर असं की वाचून सुट्टी रद्द करावी लागत नाही, फक्त बाजू बदलावी लागते. डिसेंबरमध्ये उत्तरेला वॉर्निंग असते, तेव्हा दक्षिणेला बऱ्याचदा लहान मुलांना खेळता येईल इतकं शांत पाणी असतं. उत्तरेच्या त्या लाटा बघायलाही जरूर जा. वाइमिया बेला उंचावर उभं राहून चाळीस फुटी लाट बघणं हा आयुष्यभर लक्षात राहणारा अनुभव आहे. फक्त लांबून बघा आणि समुद्राकडे पाठ करू नका.

वाऱ्याचंही तसंच. ८ ऑगस्ट २०२३ला माऊई बेटावरचं लाहायना शहर जळालं, शंभराहून अधिक माणसं गेली. उत्तरेला जास्त दाबाचा पट्टा होता, दक्षिणेला दूरवरून डोरा चक्रीवादळ जात होतं आणि डोंगरावरून कोरडा वारा शहरावर कोसळत होता. आगीला पोषक वाऱ्याचा 'रेड फ्लॅग' इशारा आधीच दिलेला होता. बाहेरचे भोंगे मात्र वाजले नाहीत. अंदाज कितीही चांगला असला तरी तो माणसापर्यंत पोहोचला नाही तर उपयोग शून्य, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. आपल्या घरातला शेवटचा भोंगा आपणच असतो.

आणि हे फक्त हवाईपुरतं नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटाही अशाच हजारो किलोमीटर येऊन भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतात. त्यांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. आपला कोळी समाज तर नारळी पौर्णिमेआधी समुद्रात बोट घालत नाही. समुद्राचा अंदाज घेऊन मगच पाय पुढे टाकायचा हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुट्टीतल्या पर्यटकाच्या अंगी तेवढं उरलेलं नाही.

आई-बाबा आपल्या भरवशावर येतात. त्यांना इथलं इंग्रजी बुलेटिन वाचता येईलच असं नाही, आणि मुलगा म्हणाला 'चला' की ते चालू लागतात. म्हणून मला मेसेज जरूर करा, पण त्याआधी तो अंदाज स्वतः वाचा. किनाऱ्यावर पोहोचलात की लाइफगार्डला विचारा, 'आज इथे माझी आई पाण्यात उतरू शकेल का?' तो नाही म्हणाला, तर वाळूत चटई टाका आणि डबा उघडा. हवाई तिथूनही सुंदरच दिसतं.