छायाचित्रानंतर काय?

यंदाच्या पावसावर, महामार्गावर आणि हापूसच्या मोहोरावर या अंकात जाणत्यांनी लिहिले आहे. आम्हाला मात्र वर्षभर एकच छायाचित्र छळत राहिले. टेबलावर अमली पदार्थांच्या पुड्या, शेजारी वजनकाटा, मागे अधिकारी आणि मधे तोंडावर काळे फडके बांधलेली दोन-तीन पोरे, पायांत रबरी चपला. बातमी छापून येते आणि विषय संपतो. पोराचे पुढे काय झाले, हे कुणीच विचारत नाही. आम्ही पत्रकारही विचारत नाही.

2023च्या ऑगस्टमध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली तेव्हा रत्नागिरी जिल्हा हादरला. माल पकडायलाच हवा. पण विकणारा वेगळा आणि त्यात बुडालेला वेगळा. दुसरा आजारी आहे, आणि कोठडीत तो आजार उफाळतो.

दारूचेच पाहा. रोज पिणारा माणूस गजाआड गेला की दारू एका दिवसात तुटते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरतात, अंग घामाने भिजते, भिंतीवर किडे दिसू लागतात. शेजारच्याला वाटते, नाटक करतोय. वेळेवर औषधे आणि थायमिन मिळाले तर जीव वाचतो, नाहीतर जाऊही शकतो. गर्दवाल्याची ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, निराळी: उलट्या, जुलाब, हाडे पिळून काढणारी कळ. ती ओसरली की सगळ्यांना वाटते, सुटला. खरा धोका पुढे असतो. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर तो जुन्याच मापाने घेतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजार कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या 129 पट होता. ऱ्होड आयलंडने 2016 पासून तुरुंगातच औषधोपचार सुरू केले आणि सुटलेल्यांचे असे मृत्यू वर्षभरात निम्म्याहून कमी झाले.

आपला कायदाही निर्दय नाही. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 39 सांगते की, थोड्या मालासह सापडलेला व्यसनी दोषी ठरला तरी न्यायालय त्याच्या संमतीने त्याला शिक्षेऐवजी उपचारांना पाठवू शकते. कलम 64अ नुसार अशा गुन्ह्यातला व्यसनी आपणहून उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्था आजारांत धरल्या आहेत.

रत्नागिरीचे विशेष कारागृह म्हटले की आपण पाहुण्यांना सावरकरांची कोठडी दाखवतो. दाखवावीच. पण त्याच भिंतीआड आज कोण आहे, याचीही चौकशी करावी. याच शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चारच आहेत. डॉ. अनिता अवचटांनी 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने. म्हणजे महाराष्ट्राला ठाऊक असलेली व्यसनमुक्तीची वाट सरकारी मनोरुग्णालयातूनच निघाली. ती इथून का निघू नये? हवे ते इतकेच: मनोरुग्णालयाच्या डॉक्टरांची कारागृहात दर आठवड्याला फेरी, आत आलेल्या प्रत्येकाची पहिल्याच दिवशी तपासणी, आणि सुटताना हातात औषधे व पुढच्या भेटीची तारीख. 26 जूनची अमली पदार्थविरोधी दिनाची फेरी आणि 2 ऑक्टोबरची व्यसनमुक्तीची शपथ यांपेक्षा हे कितीतरी मोलाचे.

या अंकाचा विषय ‘घर’ आहे. तुरुंगातून सुटलेला पोरगाही कुणाच्या तरी घरीच परततो, म्हणून हे इथे लिहिले.

आमच्या वाचकांत वकील बरेच आहेत. त्यांना विनंती की, थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनीच्या पुढच्या खटल्यात कलम 39 खाली अर्ज करा. आणि घरात कुणी व्यसनात अडकले असेल, तर पोलिसांची वेळ येण्याआधी 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा.