क्लचचा पहारा

अमेरिकेतील वृत्तपत्रांतून अधूनमधून एक गमतीदार बातमी झळकते. पिस्तुलाचा धाक दाखवून चोरटे मोटार बळकावतात, आत बसतात आणि पायाखाली तिसरे पेडल पाहून थबकतात. क्लच दाबून गिअर टाकण्याची विद्या अवगत नसल्याने मोटार तेथेच सोडून ते पोबारा करतात. अशा बातम्यांमुळे हाताने गिअर बदलावयाची मोटार चोरीपासून सुरक्षित असते, असा समज तेथे दृढ झाला आहे.

हा समज अगदीच निराधार नव्हे. तेथील नव्या मोटारींत क्लच असलेल्या मोटारींचे प्रमाण शेकडा एक-दोनवर उतरले आहे. परंतु हे संरक्षण यंत्राचे नसून चोराच्या अज्ञानाचे आहे. भारतात त्याची किंमत शून्यच. कारण आपल्याकडील मोटार-शाळा पहिला धडा बहुधा क्लचचाच देतात, आणि तो भावी चोरालाही मिळतो!

चोरीचे खरे कारण गिअरपेटीत नव्हे, किल्लीच्या खोबणीत शोधावे लागते. इमोबिलायझर नावाचे साधन किल्लीतील चिपची ओळख पटल्याखेरीज इंजिन सुरू होऊ देत नाही. २०१५ च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या शेकडा ९६ मॉडेलांत ते मूळचेच बसविलेले होते. ह्युंदाई व किया यांच्या मात्र अवघ्या २६. बटणाने सुरू होणाऱ्या महाग मोटारींना ते मिळाले, किल्ली फिरवावयाच्या स्वस्त मोटारींना नाही. स्टिअरिंगखालचे आवरण उचकटून, यूएसबी केबलचे टोक खोबणीत घालून फिरविले की काम भागते, हे २०२२ साली टिकटॉकवरील चित्रफितींनी पोरासोरांनाही शिकविले. पुढच्या वर्षी काही विमा कंपन्यांनी कित्येक शहरांत या मोटारींचा नवा विमा उतरविण्यासच नकार दिला. म्हणजे काटकसर कंपन्यांनी केली आणि भुर्दंड पडला तो बेताच्या मिळकतीतून मोटार घेणाऱ्यांवर.

ब्रिटनने १९९८ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे केले. अमेरिकेने तसा कायदा केला नाही, आणि सक्ती नाही तेथे सुरक्षितता ही महाग मॉडेलाबरोबर मिळणारी चैनीची वस्तू ठरते.

अर्थात इमोबिलायझर हा काही रामबाण नव्हे. घरात ठेवलेल्या किल्लीचे रेडिओ-संकेत पकडून ते दारातल्या मोटारीपर्यंत पोहोचविणाऱ्या टोळ्या आता निर्माण झाल्या आहेत. कॅनडातून अशा महागड्या मोटारी कंटेनरांत भरून परदेशी रवाना होतात. या धंदेवाईक चोरांना क्लचचे भय नाही. त्यांची नजर मोटारीला परदेशात काय भाव येईल याकडे असते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी सुमारे ८३ लाख मोटारींसाठी संगणकीय दुरुस्ती मोफत देऊ केली, तर काही मालकांच्या हाती स्टिअरिंगला अडकवावयाचा लोखंडी दांडा ठेवला.