युनिट मोजून दाखवा

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजारांचे अनुदान मिळू लागले आणि साध्या नोकरदाराच्या गच्चीवरही पॅनेल चढले. आता त्याच दारात ‘उत्पादन वाढवून देतो’ म्हणणारे येत आहेत. कुणाकडे काचेवर लावायचे नॅनो कोटिंग असते, कुणाकडे आरसे, कुणाकडे वायरीत जोडायचा बूस्टर. कर्ज काढून सोलर बसवलेल्या कुटुंबांची ही फसवणूक थांबलीच पाहिजे.

पॅनेलवर छापलेले वॉट हे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे तेच सेल ६५ अंशांपर्यंत तापतात. दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. म्हणजे ऐन उन्हात १२ ते १६ टक्के वीज उष्णतेपायीच जाते. आरशाने प्रकाश वाढतो तशी ही उष्णताही वाढते, आणि प्रकाश सगळीकडे सारखा पडला नाही तर काही सेल जळण्याची भीती. लेपाचे गणित त्याहून सोपे आहे. साधी काच समोरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परतवते. मग विक्रेते सांगतात ती ३० टक्के वाढ लेपाने येणार कुठून? बूस्टर ज्यासाठी विकतात, ते पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढण्याचे काम तर इन्व्हर्टरमधली एमपीपीटी यंत्रणा आधीपासून करतेच.

तरीही विक्रेता वाढलेला आकडा दाखवतो, आणि तो खोटा असतोच असे नाही. लेपाआधी पॅनेल धुतले जाते. वाढ त्या धुण्याची असते. पावसाळ्यात ढगाच्या कडेने विखुरलेला प्रकाश थेट उन्हात मिसळला की काही क्षण वॉट एकदम चढतात. नेमका तेव्हा ॲपचा फोटो निघतो. पण महावितरणचे बिल युनिटवर येते. म्हणून पुरावा मागावा तो असा: एकाच गच्चीवर, एकाच उताराचे दोन सारखे संच, दोन्ही धुतलेले, स्वतंत्र मीटर लावलेले. आधी महिनाभर दोन्ही तसेच चालवून फरक नोंदवावा, मग एकावर उपाय करावा आणि वर्षभराची युनिट मांडावीत. आपल्याकडे १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. तेवढी मिळत नसतील तर आधी धूळ आणि टाकीची सावली पाहावी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या विक्रेत्यांकडून वर्षभराच्या नोंदी मागवाव्यात आणि ज्यांच्याकडे त्या नाहीत त्यांच्या जाहिराती बंद कराव्यात.